बझर नको, दिवा लाव

माझ्या वडिलांनी गाडीला जादा मीटर बसवून मागितले, तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. या माणसानं उभं आयुष्य मीटरची टिंगल केलेली. मान तिरकी करून ते दुसऱ्यांची इंजिनं ऐकायचे आणि नेमकं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, तेव्हाही म्हणाले होते, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? कान असताना काटे कशाला?"

आणि आता स्वतःची शाळेची व्हॅन माझ्या दारात लावून उभे.

"तेलाच्या दाबाचं एक बसव. पाणी किती तापलंय त्याचं एक."

"का हो? इंजिननं तुमच्याशी अबोला धरला की काय?"

एरवी नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. आज नुसते म्हणाले, "वय झालंय त्याचं."

"बरं. सोबत बझर येतो. दाब पडला की कोकलतो."

"बझर नको, दिवा लाव. मोठा, लाल."

"उन्हात दिवा दिसत नाही, बाबा."

"सांगितलं ना, दिवा लाव!"

मीही त्यांचीच मुलगी. नको म्हटलं की मला हटकून तेच करायचं असतं. इंजिनवरचा तेलाचा जुना स्विच काढून तिथे तीन तोंडांचा जोड बसवला. एका तोंडाला तोच स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर. वायर केबिनमध्ये घेताना पत्र्याच्या भोकाला रबर लावलं, नाहीतर धार वायरला सोलून काढते. पाण्याचा सेन्सरही बसला. दोन्ही मीटर स्टिअरिंगशेजारी लावले. लाल दिवा जागेवर बसवला खरा, पण त्याची वायर गुपचूप बझरला दिली. एकदा ऐकतील, वैतागतील आणि मुकाट्यानं कबूल करतील, असा माझा हिशेब.

"चावी फिरवा. इंजिन सुरू करू नका," मी खिडकीशी येऊन सांगितलं. इंजिन बंद म्हणजे दाब शून्य, म्हणजे बझर वाजलाच पाहिजे.

तो चिरक्या, बारीक आवाजात असा किंचाळला की शेजारचा टायरवाला ओरडला, "ए बाई, बंद कर ते!"

बाबा शांतपणे दिव्याकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "लागत नाहीये गं. बघ, कुठेतरी जोड सुटलाय."

मी आत हात घालून चावी काढून घेतली.

"बझर वाजत होता, बाबा."

त्यांनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. की खरंच ऐकलं नसेल? मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज मुळात भोंग्यासारखा जाड, त्यामुळे माझ्यापुढे इतके दिवस त्यांचं निभावून गेलं असणार.

"इंजिनाचं कळेल ना आता काट्यावर," ते म्हणाले.

"आणि मागे बसलेल्या पोरांचं? त्यांचा काटा कुठे बसवू?"

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. ते स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिले.

"परवा एका पोरीच्या दप्तराचा पट्टा दारात अडकला," ते म्हणाले. "उतरली होती ती. मी गाडी काढली. सगळी पोरं ओरडत होती म्हणे. एकानं खांदा हलवला, तेव्हा थांबलो. तिला काही झालं नाही." मग हात पुढे केला. "शाळेत सांगू नकोस. चावी दे."

"शाळेत सांगणार. दुपारची फेरी मी मारते. उद्या कानाच्या डॉक्टरकडे."

हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला कुठून सांगू? तिनं माझ्याशी बोलणंच टाकलंय. वर्ष होईल. मी जेवतो, ती समोर बसते, गप्प. माझं काय चुकलं, ते विचारायचं धाडस होत नाही."

आई आणि गप्प! तिचा आवाज बारीक, पण तोंडाला खंड नाही. फोनवर रोज माझ्यापाशी रडते, की तुझ्या बाबांशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं. आणि मी तिला सांगते, पुरुष म्हातारपणी असेच होतात.

मी दार उघडून त्यांच्यासमोर उभी राहिले, माझे ओठ नीट दिसतील अशी.

"ती गप्प नाहीये, बाबा. दिवसभर तुमच्याशीच बोलत असते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय बोलते?" त्यांनी विचारलं.