मवाळ गटातला हिवाळा

हवामान कचेरीच्या साहेबांना सगळं तीन डब्यांत बसवायची भारी हौस. आकडेवारी बघणाऱ्या ताईने डोंगरावरच्या जुन्या हिवाळ्यांच्या नोंदी संगणकात घातल्या, सारख्याला सारखं जोडलं, तर यांनी फर्मान काढलं: गट तीनच करा. कडक, मधला आणि मवाळ. अहवाल सुटसुटीत दिसतो म्हणे. दोन हिवाळे कुठेच बसेनात, ते त्यांनी मवाळात कोंबायला लावले.

त्या दोन्ही वर्षी बर्फावर उबदार पाऊस पडला, मग सगळं गोठलं, आणि त्या गुळगुळीत थरावरून नवा बर्फ घसरून खालच्या रस्त्यावर माणसं गाडली गेली. सरासरी काढली की मात्र दोन्ही हिवाळे गरीब गाय. आज सकाळी ताईने गुपचूप चार गट करून पाहिले, तर यंदाचा हिवाळा त्या दोघांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. आणि यंदा मवाळ आहे म्हणून रस्ता चालू होता. तिचा धाकटा भाऊ बर्फ हटवायचं यंत्र घेऊन त्याच रस्त्याने वर निघाला होता.

रस्ता बंद करा, म्हणून ती साहेबांकडे धावली. साहेब म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता माझं हसं करू नका. ती वायरलेसच्या खोलीत शिरायला गेली, तर त्यांनी दार तिच्या बोटांवर आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. मग काय, तिचं डोकंच फिरलं. पाऊस मोजायचं पितळी भांडं तिने दुसऱ्या हाताने उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून साहेबांच्या तोंडावर हाणलं. एकदा हाणून भागलं नाही, पुन्हा हाणलं. साहेब दात थुंकत खाली बसले.

"मागे फिर," ती वायरलेसवर म्हणाली. "बर्फाचा कडा सुटणार आहे."

"ताई, साहेबांना दे," भाऊ म्हणाला. "त्यांनी सांगितल्याशिवाय मला फिरता येत नाही, माहीत आहे ना तुला."

आता आली का पंचाईत. साहेबांचं तोंड तिनेच फोडून ठेवलेलं. तिने माइक त्यांच्यापुढे धरला. मार खाऊन अक्कल आली की भीतीने, देव जाणे, त्यांनी हुकूम द्यायचा प्रयत्न केलाही. पण जबडा लोंबत होता, नुसती गुळणी वाजली. भाऊ हसला. चेष्टा पुरे, मी पुढे जातो, म्हणाला.

ताईने माइक परत आपल्याकडे ओढला. हा तिचं कधी ऐकेल तर शपथ. पण साहेबांवर त्याचा जीव होता, नोकरी त्यांनीच लावली होती.

"तुझ्या साहेबांचा जबडा मी फोडलाय," ती म्हणाली. "अजून मारणार आहे. वाचवायचे असतील तर ये."

तो आला. शिव्या देतच आला. रक्तातले साहेब बघितले आणि त्याने बहिणीच्या कानाखाली असा जाळ काढला की ती भिंतीवर जाऊन आदळली. दुसरी मारायला त्याने हात उचलला, तेवढ्यात खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरचा कडा सुटला होता. ज्या वळणावरून तो मागे फिरला, ते वळण बघता बघता पांढऱ्या धुरळ्यात गेलं.

त्याचा हात तसाच वर राहिला.

"मार," ताई म्हणाली. "अजून एक मार." आणि मोडक्या बोटांनी त्याचा कोट धरून ती ढसाढसा रडायला लागली.