पाटीवरची उत्तरं

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि एकतीस वर्षं परीक्षेत कॉपी पकडली. पोरं माझ्या पाठीमागे मला 'घार' म्हणायची आणि मला ते मनातून आवडायचं. कॉपी करणाऱ्याच्या हातांकडे बघायचं नसतं, डोळ्यांकडे बघायचं असतं. ज्याला उत्तर आठवतंय त्याची नजर कागदावर नाहीतर छतावर फिरते. ज्याला ते दुसरीकडून मिळतंय त्याची नजर पुन्हापुन्हा एकाच जागी जाऊन येते. एवढं सगळं कळणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याला दीड वर्ष कॉपी पुरवली.

हे फरशी बसवायचे. शाळेच्या नव्या वर्गात यांचं काम चालू होतं आणि मी तरातरा ओल्या फरशीवर पाय देऊन गेले. "मास्तरीणबाई, अजून सुकली नाही हो," हे म्हणाले. उखडलेली फरशी मुकाट्यानं परत बसवली. लग्नानंतरही मी मास्तरीणबाईच राहिले. काम संपलं की हे हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून बघायचे. खाली सिमेंटचा माल कमी पडला असेल तर आवाज पोकळ येतो. "वरून सगळ्याच शहाण्या दिसतात," म्हणायचे, "ठोकल्याशिवाय कळत नाही."

दुखण्याची सुरुवात पायांपासून झाली. बसलेले उठले की जागेवरच अडकायचे. पाऊल उचलायचंच नाही, नुसतं घासत घासत पुढे सरकायचं. आमच्या घरातली फरशी यांनीच बसवलेली. "बघ, किती पक्कं काम केलंय," मला म्हणाले, "मलासुद्धा सोडत नाही." आम्ही दोघंही हसलो. मग विसर पडायला लागला, आणि मग एक दिवस पलंगावरची चादर ओली सापडली. त्यावर मात्र कुणीच हसलं नाही.

आमच्या गावात मेंदूचा डॉक्टर नाही. लेक दूर नोकरीला. तिनं मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांची दर तीन महिन्यांनी फोनवर भेट ठरवली. पडद्यावर डॉक्टर एका चौकोनात, ऑफिसातून लेक दुसऱ्या चौकोनात, आणि हे तिसऱ्यात. पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी लेक मला म्हणाली, "आई, तू एकटी किती दिवस उचलणार त्यांना? डॉक्टर म्हणाले पुढे गेलंय, तर बाबांना संस्थेत ठेवू. मी एक चांगली बघून ठेवलीय." तिचं काही चुकलं नव्हतं. पण उद्याच्या परीक्षेत हे नापास झाले तर घरातून जाणार, एवढंच मला कळलं.

मग मी माळ्यावरून माझी जुनी पाटी काढली.

फोन जेवणाच्या टेबलावर, डब्याला टेकवून. त्यात यांची फक्त छाती आणि चेहरा दिसेल असा. मी फोनच्या मागे पाटी घेऊन उभी. डॉक्टरांनी आज तारीख काय विचारलं, मी पाटी वर केली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, मी भराभर लिहिलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, कुलूप, लिंबू, खुर्ची, तेही पाटीवर. यांनी आधी माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं, मग शहाण्या मुलासारखं वाचून दाखवलं. "वयाच्या मानानं छान," डॉक्टर म्हणाले. लेकीच्या चौकोनात तिचा चेहरा सैल झाला. मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

"चालून दाखवतील का?"

"खोली लहान आहे हो डॉक्टर. चालतात, थोडं हळू, एवढंच."

"लघवीवर ताबा आहे ना?"

हे खुर्चीत पुढे सरकले. "डॉक्टर, ते जरा…" म्हणाले.

"ठीक आहे सगळं," मी फोनमागून ठणकावून सांगितलं. माझ्या लेकीसमोर, परक्या माणसासमोर माझा नवरा चादरीबद्दल बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे खुर्चीत परत मागे सरकले. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्याला मी लाज समजले. मला सांगू का देत नाहीस, असं हे विचारत होते. ते मला फार उशिरा कळलं.

वयाचा विसराळूपणा म्हणून स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू झाल्या. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर वेळी पाटी, दर वेळी पास. मधल्या काळात यांना दोन्ही काखांत हात घालून न्हाणीघरापर्यंत न्यायला लागायचं, दिवसाला तीन चादरी निघायच्या, पण फोनवर आम्ही अव्वल. यांनाही सवय झाली. प्रश्न कानावर पडला की नजर सरळ फोनच्या वर, पाटीकडे. माझ्या वर्गात असता तर पहिल्या मिनिटाला उठवला असता.

सातव्या भेटीला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आता असतील त्या वयाची. तिनं दोन प्रश्न विचारले, हे दोन्हीचं बरोबर बोलले. तिसरा प्रश्न तिनं विचारलाच नाही.

"आजी, तुम्ही फोनच्या मागे आहात का?"

मी पाटी खाली केली.

"त्यांचे डोळे सारखे तिकडे जातायत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "या, त्यांच्याशेजारी बसा. आधी फोन जमिनीवर ठेवता? मला त्यांचे पाय बघायचेत."

शेरास सव्वाशेर भेटली. मी फोन फरशीवर ठेवला, यांना उठवलं आणि हात सोडून बाजूला झाले. हे उभे राहिले. पावलं जमिनीला खिळलेली. एक इंच, अर्धा इंच. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टर ते बघत होतं. लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"आजोबा, लघवी कपड्यात होते का?"

"होते," हे म्हणाले, चटकन. "खूप दिवस झाले. सांगायचं होतं."

पुढच्या आठवड्यात रुग्णवाहिकेनं त्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो, मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. मेंदूत पाणी साठलं होतं. पाय चिकटणं, विसर, लघवी, ही तीन एकत्र आली की हेच शोधायचं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. नळी घालून ते पाणी पोटात सोडता येतं. काही माणसं चालायला लागतात, काहींना विसरलेलं आठवतंही.

"मग हे चालतील?"

तिनं पेन खाली ठेवलं. "लवकर आलं तर जास्त फरक पडतो, आजी. आपण करू. पण किती उपयोग होईल ते आता नाही सांगता येणार."

मी स्वतःच सांगितलं तिला, पाटीचं, सगळं. तिनं माझा हात धरला. त्यापेक्षा तिनं मला वर्गाबाहेर उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशननंतर तीन आठवडे हे भिंत धरून दारापर्यंत चालत गेले. मग तेही थांबलं. बाकी काहीच परत आलं नाही. लेक रजा काढून आली, घरीच राहिली, संस्थेचं नाव कुणी काढलं नाही. म्हणजे ज्या भीतीपायी मी हे केलं ती भीतीसुद्धा खोटी निघाली. "आई, तू मला सांगायचंस ना ग," एवढंच ती एकदा म्हणाली आणि चादरी वाळत घालायला गेली. मी तिच्या मागे गेले नाही.

काल पुन्हा फोनवर भेट होती, त्याच डॉक्टरीणबाईंशी. लेकीनं फोन टेबलावर डब्याला टेकवला. मी यांच्याशेजारी बसले, खांद्याला खांदा लावून, दोघंही चौकोनात दिसू असे. मी यांचा हात घट्ट धरला होता.

"आजोबा, तुमच्या शेजारी कोण बसलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

यांनी माझ्याकडे वळून बघितलं. नीट बघितलं. मग सवयीनं मान वर केली आणि फोनच्या मागे, जिथे मी पाटी घेऊन उभी राहायचे तिथे, उत्तर शोधायला लागले. तिथे नुसती भिंत होती. तरी हे वाट बघत राहिले, बराच वेळ.