हालवार संपर्काबाहेर आहे

फोनच्या पडद्यावर करड्या अक्षरांत एक ओळ : हालवार – संपर्काबाहेर.

लोकरीच्या जाड सपाता. पाहुण्याने स्वतःच्या घरून आणलेल्या.

ट्रोम्सोच्या इस्पितळाचं पत्र : हृदयाची झडप, चौदा जानेवारी, उपाशीपोटी येणे.

या देशात भिंतीतला विजेचा डबा परवाना असलेल्या वायरमननेच उघडायचा असतो. घरमालकाने उघडला, तर विमा कंपनी हात वर करते.

*

दुपारचे दोन. इतक्या उत्तरेला सूर्य नोव्हेंबरातच दिसेनासा झालेला, बाहेर डोंगरांत शिरलेला खाडीसारखा फ्योर्ड काळाकुट्ट. गुडनीच्या बैठकीत चौदा माणसं पायमोज्यांवर बसली होती, बूट दाराशी. वॅफल्स, तपकिरी चीज, कॉफीची दुसरी किटली. सगळ्यांचे डोळे एका रिकाम्या खुर्चीवर आणि तिच्यावर टांगलेल्या, न पेटलेल्या दिव्यावर.

खुर्ची गुडनीच्या नवऱ्याची, हालवारची. तो मे महिन्यात गेला. त्याआधी त्याने घरभर स्मार्ट दिवे लावले होते आणि ज्या दिव्याखाली जो बसतो, त्याचं नाव त्या दिव्याला दिलं होतं. त्यामुळे गुडनीच्या फोनमध्ये एक दिवा ‘गुडनी’ होता, एक ‘इडुन’, म्हणजे त्यांची मुलगी, आणि खुर्चीवरचा ‘हालवार’.

“फोनवर काय लिहिलंय, वाचा,” ट्रिग्वे म्हणाला. दर मंगळवारी बोटीने येणारा हा दिव्यदृष्टीवाला. आवाज मधात बुडवलेला, हातात तीन अंगठ्या.

“हालवार संपर्काबाहेर,” शेजारच्या बोर्गहिल्डने वाचलं. “चाळीस वर्षं शेजारी होता, तेव्हाही फारसा संपर्कात नव्हता.”

“फोनचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही. जिवंत माणसाची पोचच तिथवर नाही. पण कंपनं पोचतात.” ट्रिग्वेने डोळे मिटले. “हालवार, आलास?”

दिवा भक्कन पेटला. पुरा, पांढराशुभ्र. कुणाच्या तरी हातातला चमचा पडला. थोड्या वेळाने दिवा विझला.

“विचार, गुडनी.”

गुडनीने इस्पितळाचं पत्र छातीशी धरलं होतं. “हालवार, ऑपरेशनला जाऊ? नको म्हणत असशील तर पेट.”

पेटला.

गुडनीने सुटकेचा श्वास सोडला. दाराशी वॅफल्सची ताटली घेऊन उभ्या असलेल्या इडुनने ताटली खाली ठेवली. ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. ऑपरेशन झालं नाही, तर आई उन्हाळा पाहणार नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं होतं.

तिची नजर खाली गेली. चौदा जोड्या मोजे, आणि एक जोडी सपाता.

“ट्रिग्वे, सपाता काढता का जरा?”

“पाय गारठतात, पोरी. आत्मा आला की जमिनीतून गारवा येतो.”

“जमिनीखाली तापवायची तार आहे. बाबांनीच घातलीय.”

“इडुन,” गुडनी म्हणाली, “पाहुण्याशी असं बोलतात का?”

इडुन वाकली आणि उजवी सपात ओढून उलटी केली. आतून सेलवर चालणारं, बिनतारी, पांढरं, चपटं बटण पडलं. तिने ते अंगठ्याने दाबलं. दिवा विझला. पुन्हा दाबलं. पेटला.

“आई, तुला सवय भिंतीवरचं बटण बंद करायची. मग दिव्याला वीजच मिळेना आणि बाबा फोनवर चडफडायचे. म्हणून त्यांनी भिंतीतल्या डब्यात स्मार्ट स्विचही बसवला. दिवाही शहाणा, स्विचही शहाणा, आणि दोघांचं पटेना. स्विचने वीज तोडली की दिवा बहिरा. फोन हाका मारून थकतो आणि लिहितो, संपर्काबाहेर. वीज आली की दिवा आपोआप पुरा पेटतो. कारखान्यातूनच त्याला तसं शिकवून पाठवलेलं असतं.”

“डब्यात काही आहे, हे मला कसं ठाऊक नाही?”

“परवाना नव्हता ना. मी बॅटरी धरून उभी होते. विम्यापायी कुणाला सांगू नकोस म्हणाले.” ती ट्रिग्वेकडे वळली. “घर शुद्ध करायला तुम्ही तासभर एकटे होता. बाबांच्या टॅब्लेटच्या पाठीवर पासवर्ड चिकटवलेला आहे. त्या स्विचला हे बटण जोडायला पाच मिनिटं पुरतात.”

“या खोलीत अविश्वासाची कंपनं फार आहेत,” ट्रिग्वे उठत म्हणाला.

“दुसऱ्या सपातेत पण बघ गं,” बोर्गहिल्ड म्हणाली, “तिथंही असतील कंपनं.”

लोक हसले. ट्रिग्वे बूट चढवून गेला. हळूहळू सगळेच गेले. जाताना बोर्गहिल्डने उरलेली वॅफल्स कागदात गुंडाळून घेतली.

“चौदा तारखेला मी रजा टाकलीय,” इडुन म्हणाली. “आई, दिव्याला काय विचारतेस? ज्याने तुझं हृदय तपासलंय, त्याला विचार.”

गुडनी कपबशा गोळा करत होती. “सपातेत काहीतरी आहे, हे मला पहिल्याच मंगळवारी दिसलं होतं.”

“मग?”

“डॉक्टर जा म्हणतात, तू जा म्हणतेस, बोर्गहिल्ड जा म्हणते. नको म्हणणारं कुणीतरी हवं होतं मला.” तिने इडुनच्या तळहातावरून बटण उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

इडुन बराच वेळ बोलत राहिली. आकडे सांगितले, छातीचा फोटो दिव्यापुढे धरून दाखवला. गुडनीने सगळं नीट ऐकून घेतलं.

चौदा तारखेला ट्रोम्सोची बोट सुटली तेव्हा गुडनी स्वयंपाकघरात कॉफी करत होती. मार्चमध्ये ऊन बैठकीत शिरलं, तेव्हा हालवारची आणि गुडनीची, दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

दिवा आपोआप पेटला तर आधी भिंतीतली तार तपासा. आणि घरातलं माणूस मेलेल्याला प्रश्न विचारू लागलं, तर त्याला कोणतं उत्तर हवं आहे ते वेळेवर विचारा. इडुनने तार वेळेवर तपासली होती.

हालवारने आणला तेव्हा दिव्याच्या खोक्यावर छापलेलं होतं : आयुष्य पंचवीस हजार तास.