हारामागचे आकडे

येरवड्यातल्या कांताबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार नळापर्यंत गेला होता. आत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या वरच्या काठावरून सोडलेला झेंडूचा जाड हार, पुढे उदबत्ती आणि शंभूबुवा.

"पाहा! मशीन एक, नावं दोन!" बुवांनी पडद्यावर छडी टेकवली. एकाखाली एक, तेच नाव दोनदा. "खालचं यंत्राचं, वरचं आयुषचं. मी बोलावतो, तो येतो."

बुवा माळ ओढू लागले. शेवटच्या मण्याला टाळी वाजली आणि पडदा निळा झाला. निळ्यावर एक चेहरा, कुशीवर निजल्यासारखा आडवा. दोन ठिपके, खाली वळलेले ओठ.

"रडतंय गं लेकरू," शेजारच्या दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

हडपसरच्या रस्त्यावर बाइक घसरून आयुष गेला, त्याला दोन महिने झाले होते. एकोणीस वर्षांचा. त्याची आई कांताबाई आठ दिवस नुसत्या चहावर होत्या. लेकरू उपाशी रडतंय तर आईच्या घशाखाली घास कसा उतरतो, असं बुवांनी विचारलं होतं. मशीन मठात दिलं की मुक्ती, हेही सांगितलं होतं.

दारातून कांताबाईंची भाची दीक्षा पुढे आली. खराडीत कॉम्प्युटरवरच काम करणारी.

"मावशी, आजोबांनी छप्पन साली प्रतिज्ञा घेतल्या. त्यात हे कुठं बसतं?"

"पाठ आहेत गं मला, बावीसच्या बावीस. पण मेलेलं पोर डोळ्यांदेखत रडायला लागलं तर आईनं काय करायचं, ते एकीतही नाही."

दीक्षा टेबलाशी गेली. तिनं हार उचलला.

"हात लावू नका! कोप होईल!"

"अहो बुवा, झाकलंय काय, ते तर बघू द्या."

मशीन आपोआप पुन्हा चालू झालं होतं. हारामागे एक ओळ होती आणि तिच्यात आकडे उतरत होते. अठरा, सतरा, सोळा... "मोजा सगळे," दीक्षा म्हणाली. खोली मोजू लागली. बुवांची माळ थांबलेली, टाळी नाही. तरीही 'एक' होताच पडदा निळा झाला, तोच चेहरा आला.

"बुवा, आज न बोलावताच आला की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

दुर्गाबाईंनी माळ ओढून घेतली आणि मणी मोजले. "एकशे आठ कुठले, तीसच आहेत मेले!"

बुवा बराच वेळ ढिगात चपला शोधत होते.

गर्दी पांगली. कांताबाई हलल्या नाहीत. "आकडे कळले. मग रडतं कोण?"

दीक्षानं मोबाइलवरचा आयुषचा मेसेज वाचून दाखवला: "ताई, सिस्टिम पुन्हा टाकताना लाइट गेली. जुनीवर टाकायची ती दुसऱ्याच ड्राइव्हवर पडली. आता दोन दिसतात, नवी अर्धवट आहे. रविवारी ये ना काढायला."

"रविवारी मी कंटाळा केला, मावशी. मंगळवारी तो..." तिनं मोबाइल पालथा ठेवला. "आपण काही निवडलं नाही, की तीस सेकंदांनी मशीन त्या अर्धवटीलाच चालू करतं. ती पडते, तेव्हा हा चेहरा येतो. कुणाच्याही घरी येतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

तिनं बाण दाबून खालचं नाव निवडलं. पडद्यावर आयुषनं लावलेला फोटो उघडला: कांताबाई, पदराला हात पुसत हसणाऱ्या. दोन महिने कुणी ते एक बटण दाबलंच नव्हतं.

दीक्षानं अर्धवट सिस्टिमचा ड्राइव्ह दोनदा तपासला. आयुषचं त्यात काही नव्हतं. तो तिनं पुसला. मग सुरुवातीच्या यादीतलं ते जादाचं नाव निवडलं. "हे काढलं की संपलं. दाबू?"

"थांब. मी दाबते." बोट बटणावर ठेवून कांताबाई पुटपुटल्या,

*सरलं दळण, जात्यात पीठ नाही*
*हाक मारू किती, बाळ उंबऱ्यात नाही*

मशीन बंद होऊन चालू झालं. नावं नाहीत, आकडे नाहीत. थेट फोटो.

"म्हणजे तो रडत नव्हता?"

"नाही, मावशी."

"आणि आलाही नव्हता."

"नाही."

मग कांताबाई रडल्या, दोन महिन्यांचं सगळं. उशिरानं दीक्षानं भाकरी मोडली, ती त्यांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी नळावर दुर्गाबाईंनी हळूच विचारलं, "आता येत नाही का गं तो?"

"माझा आयुष गेला, दुर्गाबाई," कांताबाई कळशी लावत म्हणाल्या. "उद्या कुणी तुम्हाला गेलेलं माणूस दाखवायला लागला, तर रडा पोटभर. पण आधी हार उचलून बघा."