गिळलेली हाक

मी सायकल आहे, आणि सध्या कुठेही जात नाही. अन्फुशीच्या मासळीबाजाराजवळ समुद्राकाठच्या कठड्याला मला साखळीने बांधून ठेवलं आहे. सीटपासून पुढच्या चाकाच्या चिमट्यापर्यंत मी पांढरी आहे. येणारेजाणारे थांबतात, फोटो काढतात. एखादी बाई मेलेल्यासाठी दोन शब्द पुटपुटते आणि मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे जाते.

मी कायम अशी नव्हते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला सांगता येणार नाही. सांगाड्यावरचं नाव पहिल्याच मालकाने रंगाखाली घातलं. तो पाववाला होता. डोक्यावर रोट्यांनी भरलेली लांब फळी, एक हात फळीला, एक हात मला, अशा थाटात तो गाड्यांच्या गर्दीतून जायचा. शिव्या भरपूर द्यायचा, पण रोटी कधी पाडली नाही. पुढे त्याच्या भट्टीवाल्याने मोटारसायकल घेतली आणि मी शुक्रवारच्या जुन्या बाजारात, मोडक्या पंख्यांच्या आणि एकेकट्या बुटांच्या शेजारी उभी राहिले.

तिथून मला वगदीने उचललं. बंदरातल्या कचेरीत तो कारकून होता. मोठ्या हाडाचा, सावकाश बोलणारा माणूस. मला घेऊन तो सिदी बिश्र वस्तीतल्या आपल्या घरी आला तेव्हा त्याची बायको इनास दारातच म्हणाली, "लोखंड किलोवर विकत घेतलंस की नगावर?"

पण लगेच खाली बसून तिने माझं मागचं चाक फिरवलं आणि कान लावून ऐकलं. इनासचे वडील मुहर्रम बे मोहल्ल्यात सायकली दुरुस्त करायचे. ती स्वतः मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती, पण चाकाचा आवाज तिला लहानपणापासून कळत होता. त्या घरात पान्हा तिच्या हातात असायचा आणि वगदीच्या हातात फडकं. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दुपारी दोघं माझ्याभोवती बसत, मला पुसत, तेल देत आणि शेजाऱ्यांबद्दल बोलत. मला त्यांनी बाटलीसारखा हिरवा रंग दिला होता.

शुक्रवारी पहाटे वगदी मला घेऊन सायकलवाल्यांच्या टोळीत जायचा. टोळी कसली, गप्पांचा अड्डाच तो. मोंताझापासून समुद्राच्या कडेकडेने अन्फुशीपर्यंत यायचं आणि मग चहाच्या दुकानात फूल म्हणजे बाकल्याची उसळ आणि ताअमिया म्हणजे त्याचेच वडे खात ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं. पुढारी होते कॅप्टन मिधत, शाळेत कसरत शिकवून निवृत्त झालेले. सफवतचं वह्यापेन्सिलींचं दुकान होतं. आणि डॉक्टर रऊफ दातांचे डॉक्टर. रोग्यांची तोंडं उघडी ठेवायची सवय असल्यामुळे की काय, त्यांचं स्वतःचंही कधी मिटत नसे.

"डॉक्टर, नवी सीट?" कॅप्टन विचारायचे.

"नव्वद ग्रॅम हलकी आहे, कॅप्टन. उचलून तर बघा!"

"सीट कसली उचलायला लावतोस?" सफवत म्हणायचा. "आधी पोट उचलून दाखव. नव्वद ग्रॅम वाचवतोस आणि वर अर्धा पाणघोडा बसवतोस."

"तू बोलूच नकोस. तुझी चेन वाजते ती लग्नाच्या वरातीसारखी. तीन गल्ल्यांआधी लोक खिडक्या उघडतात."

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळत.

"वगदीबाशा, ही सायकल नव्हे रे, कपाट आहे. दार उघडलं तर आत सासू सापडेल."

"हसा," वगदी म्हणायचा. "पण तुमचा पंप आणि ट्यूबा त्याच कपाटात असतात. पुढच्या पंक्चरला माझ्या दारात येऊ नका म्हणजे झालं."

मी जड, वगदी सावकाश, म्हणून आम्ही नेहमी रांगेत शेवटी. तिथे फक्त पुढच्याची पाठ दिसते. रस्ता दिसत नाही. म्हणूनच टोळीचा एक नियम होता. पुढच्याने खड्डा पाहिला की ओरडायचं आणि हात खाली करून दाखवायचं. त्याच्या मागच्याने तीच हाक आपल्या मागच्याला द्यायची. हाक शेवटच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. ज्याने हाक गिळली, त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. डॉक्टर रऊफ यांनी सगळ्यांत जास्त चहा पाजला होता. "डॉक्टर बोलायला लागले की चहा फुकट," असं सगळे म्हणत आणि डॉक्टरही हसत. मीही तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

एका गुरुवारी दुपारी इनासने माझी मागच्या ब्रेकची तार बदलली. जुनीचे दोन पदर उसवले होते. वगदी जमिनीवर बसून दांडी दाबत होता आणि ती पान्ह्याने नट आवळत होती.

"ओढ."

"ओढली."

"तू ओढतोस की कुरवाळतोस? जोरात."

"आता घोडासुद्धा थांबेल, इनास."

"घोड्याशी मला काय करायचंय? तू थांबलास की पुरे."

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे निघालो. कॅप्टन पुढे, मग बाकीचे, मग सफवत, मग डॉक्टर, मग आम्ही. समुद्र शांत होता. अन्फुशी जवळ आलं तिथे गटाराचं लोखंडी झाकण कुणीतरी पळवलेलं होतं. कॅप्टन ओरडले, "खड्डा! उजवीकडे!" सफवतने हात खाली केला आणि तोही ओरडला, "खड्डा!"

डॉक्टर तेव्हा मान मागे वळवून वगदीला टायरची गोष्ट सांगत होते. "मी त्या दुकानदाराला म्हटलं, अरे बाबा, मी दात काढतो, तू तर खिसा काढतोस..." त्यांनी पुढे पाहिलं, हँडल वळवलं, खड्ड्याला बगल दिली. वाक्य मात्र तोडलं नाही. गोष्ट पुढे गेली. हाक गेली नाही.

वगदी हसत होता. हसता हसताच त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

ते लागले. तार ताणली गेली, रबरांनी रिम पकडली, मागचं चाक जागच्या जागी थिजलं आणि टायरने डांबरावर काळा पट्टा ओढला. पण पट्टा ओढायला रस्ता उरलाच किती होता? पुढचं चाक आत गेलं. वगदी माझ्यावरून पुढे फेकला गेला आणि पदपथाच्या कडेवर आदळला. हेल्मेट होतं. मार मानेला लागला. रविवारी रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

त्या सकाळी सगळे त्या काळ्या पट्ट्याभोवती उभे होते. सफवतने पट्ट्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणत होते, "माझ्या मागेच होता. आत्ता माझ्या मागेच होता तो." दोनतीन दिवसांत गाड्यांच्या चाकांनी पट्टा पुसून टाकला.

मला चहाच्या दुकानामागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांना टेकवून ठेवलं होतं. पहिल्या शुक्रवारी कुणी आलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी आले. दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं.

"मला एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो थांबला कसा नाही?"

"सायकल जुनी," दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं.

"जुनी म्हणजे फारच जुनी."

"ब्रेक बहुधा लागलेच नसतील," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी 'बहुधा' गळून पडला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी टोळीत नवा आलेला एकजण विचारू लागला, तेव्हा त्याला तपशीलवार सांगण्यात आलं की मागच्या ब्रेकची तार सुटली होती. तार नुकतीच बदललेली होती, घरीच, हेही सांगण्यात आलं. शब्द एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मी ऐकत होते. खड्ड्याची हाक गिळणारी माणसं ती. पण ही गोष्ट एकानेही गिळली नाही.

सफवतने एकदा तोंड उघडलं. डॉक्टर आले नव्हते त्या दिवशी.

"कॅप्टन, रस्त्यावर पट्टा होता. ब्रेक लागल्याशिवाय पट्टा उठतो का? आणि मी हाक दिली होती. तुम्ही ऐकलीत."

"ऐकली."

"मग?"

"मग काय, सफवत? वगदी गेला. डॉक्टरला धरलंस तर तो परत येणार आहे? त्याला मुलं आहेत. उद्या तुलाही दात दुखला तर त्याच्याच खुर्चीत बसायचंय."

"आणि ब्रेकला धरलं तर?"

"ब्रेकला कुणी नसतं," कॅप्टन म्हणाले. "चहा घे, निवतोय."

सफवतने चहा घेतला.

ब्रेकला कोण होतं हे कॅप्टनना ठाऊक होतं. वगदीच्या जनाज्यानंतर त्यांनीच इनासच्या दारात उभं राहून म्हटलं होतं, "काहीही लागलं तर आम्ही तुमचे भाऊ आहोत."

मला पांढरं करायची कल्पना डॉक्टरांची. परदेशात रस्त्यावर मेलेल्या सायकलवाल्याची आठवण अशीच ठेवतात, म्हणाले. रंग त्यांनीच आणला. पांढऱ्या सायकलीला चेन ठेवत नाहीत, तारा ठेवत नाहीत, म्हणजे कुणी चोरून चालवू नये. रंगारी मागच्या ब्रेकची तार सोडवायला बसला. नट हलेना. त्याने जोर लावला, शिवी दिली आणि शेवटी पकड घेऊन तार तोडली.

"कुणी बसवलीय ही?" तो म्हणाला. "हत्ती बांधायचा होता काय?"

डॉक्टर रंगाचा डबा ढवळत होते. ते ढवळतच राहिले. तारेचे तुकडे मासळीच्या खवल्यांबरोबर कचऱ्यात गेले.

वगदी गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मला कठड्याला बांधलं. इनास आली, काळ्या कपड्यांत. तिच्यासाठी खुर्ची आणली, साखर न घातलेली कॉफी आणली. कॅप्टननी चार वाक्यं नीट बोलून दाखवली. मग ती उठून माझ्याजवळ आली आणि ब्रेकची दांडी दाबली. दांडी हाताबरोबर नुसती लोंबली.

"तार कुठेय?"

"मदाम, पांढऱ्या सायकलीला तार ठेवत नाहीत," कॅप्टन म्हणाले. "पद्धत आहे."

"मला बघायची होती." तिने हात काढला नाही. "शाळेत शिपाईसुद्धा म्हणाला मला, तार सुटली म्हणून. डॉक्टर, तुम्ही त्याच्या पुढेच होतात. ब्रेक लागले नाहीत का?"

डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. "मदाम," ते म्हणाले, "लिहिलेलं कुणाला चुकलंय? स्वतःला दोष देऊ नका."

तोवर तिला कुणी दोष दिला नव्हता. तिने सफवतकडे पाहिलं. सफवत बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, आणि ती बांधायला त्याला फार वेळ लागला.

आता शुक्रवारी टोळी इथूनच निघते, आणि निघण्याआधी माझ्याभोवती गोल उभी राहते. सगळे दोनदा ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "वगदीसाठी." माझ्या हँडलला त्यांनी एक पाटी अडकवली आहे. 'निघण्यापूर्वी ब्रेक तपासा.' खाली त्याचं नाव. मग ती माणसं रांग धरून निघतात आणि थोड्याच वेळात गप्पांचा आवाज पुन्हा चढतो. नव्या सीटच्या, टायरच्या, कुणाच्या पोटाच्या गप्पा. डॉक्टर आता रांगेत शेवटी असतात. जागा त्यांनी आपणहून मागून घेतली. त्यांच्या पुढचा प्रत्येकजण हाक पोचवतो, हे मात्र मला कबूल करायला हवं.

खाऱ्या वाऱ्याने माझा पांढरा रंग पोपडे धरू लागला आहे. खाली हिरवा दिसतो.

मंगळवारी इनास एकटी आली होती. नव्व्याचा, म्हणजे हिवाळी वादळाचा, वारा सुटला होता, रस्त्यावर माणूस नव्हतं. तिने मागच्या चाकावर हात ठेवला आणि वगदीशीच बोलल्यासारखी बोलली.

"पान्हा घेतला होता. नट बसवला. तू दांडी ओढलीस, घोडा म्हणालास. मग मी आवळला ना रे? की पुन्हा एकदा आवळायचा राहिला? आधी मला पक्कं आठवत होतं. आता रोज आठवून आठवून मला काहीच आठवत नाही."

वाऱ्याने पाटी उलटी झाली होती. जाता जाता तिने ती सुलटी केली, बाहीने पुसली. "निदान दुसऱ्या कुणाची तरी बायको वाचेल," म्हणाली, आणि ट्रामच्या दिशेने गेली.

मला तोंड नाही. असतं तर कठड्यासकट साखळी ओढत मी तिच्या मागे गेले असते. तुम्ही हे वाचताय, तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. माझे फोटो काढू नका. सिदी बिश्रच्या मुलींच्या शाळेत जा, गणिताच्या इनासबाई कुठे आहेत ते विचारा. बाकी कुणाचं नाव नाही घेतलंत तरी चालेल. तिला एवढंच सांगा, की बाई, तुम्ही नट आवळला होता.