प्रार्थनेच्या वेळचं पाणी

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या जुन्या फ्लॅटांत नळाला पाणी यायचं ते पहाटेच, तेही थोडा वेळ. पद्माकर साळवे यांच्या घरची प्रार्थनाही त्याच वेळेची. मुलगा प्रसन्न विमानतळावर रात्रपाळीला असायचा. सून देविका उठली की आधी मोटरचं बटण दाबायची, मग डोक्यावर ओढणी घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसायची. शेजारी नात अवनी, अर्धी झोपेत. आत मोटर घूं घूं करत नळाचं पाणी ओढून टाकीत चढवायची आणि बाहेर पद्माकरराव खणखणीत आवाजात गीत सुरू करायचे. शेवटी मागणं रोज एकच: प्रभू, आज या घरात आमचं नको, तुझं चालू दे.

एके दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या सेठी आंटी भेटल्या. एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार. खालून भरलेली बादली एकेक पायरी थांबत वर नेत होत्या. पद्माकररावांनी बादली हातातून घेतली तशा त्या हसून म्हणाल्या, "भाईसाहब, बुरा मत मानना. आपका भजन शुरू होता है, हमारा नल बंद हो जाता है."

त्यात टोमणा नव्हता. आज हवा गार आहे म्हणावं, तसं त्या बोलल्या. पद्माकररावांनी बादली त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवली, पण मान वर करून बघवेना. मोटर वरच्यांचं पाणी ओढते हे त्यांना ठाऊक होतं. सगळेच लावतात, असं म्हणून त्यांनी ते कधीच मनाच्या कोपऱ्यात सारून दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी सेठी आंटींचं बोलणं सांगितलं आणि म्हणाले, ही प्रभूचीच आज्ञा, आता मोटर बंद करायची. देविका डबे भरत होती. ती चिडली नाही. तळमजल्यावरही मोटर आहे, समोरही आहे, आपण एकट्यांनी थांबवली तर आपलीच टाकी कोरडी राहील, मग कपडे, भांडी, अवनीची शाळा, माझं ऑफिस, असं तिने शांतपणे समजावलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "पप्पा, आज्ञा तुम्हाला झाली आणि पाणी मी शोधायचं का?"

खरंच होतं. सुनेच्या हातांनी आपण आज्ञाधारक व्हायला निघालो होतो. ते म्हणाले, पाणी मी भरीन. दोन दिवस बघ, मोरीतलं पिंप रिकामं राहिलं तर मोटर पुन्हा लाव.

दुसऱ्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार आली. बादली भरेपर्यंत प्रार्थना करू, म्हणून ते आत जाऊन गुडघे टेकून बसले. योग्य वाट दाखवली म्हणून आभार मानले, मग नातेवाईक, आजारी, चर्चच्या मंडळीतले सगळे आठवले. उठून पाहतात तो बादली वाहून वाहून थांबलेली, नळ कोरडा. देविका अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून निघून गेली. अवनी पारोशीच शाळेत गेली, आणि मोठ्या आनंदाने गेली. पद्माकरराव ओल्या मोरीकडे बघत बसले. आपण देवाशी बोलत राहिलो आणि त्याने सांगितलेलं काम मोरीतून वाहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "अच्छा, मग उद्या प्रार्थना मोरीतच करा."

ती थट्टेत म्हणाली, पण त्यांनी तसंच केलं. नळाशी स्टूल मांडलं, डोळे उघडे ठेवले, ओठांवर गीत आणि हातात तांब्या. अवनीला हा प्रकार भलताच आवडला. ती दारात उभी राहून देखरेख करू लागली.

"आजोबा, आमेन म्हणा लवकर, बादली भरली."

पिंप काठोकाठ भरलं नाही, पण दिवस निघाला. देविकाने मोटरला हात लावला नाही. आणि वरून, सेठी आंटींच्या घरातून, पत्र्याच्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

एकदा ठरवलं की झालं, असं पद्माकररावांना वाटलं होतं. तसं नव्हतं. दिल्लीची थंडी पडली, रजईतून पाय निघेना, तेव्हा ते बटण रोज नव्याने खुणावायचं. रोज नव्याने नाही म्हणावं लागायचं. कधी कधी ते कुरकुरत उठले, पण उठले.

मग एका पहाटे अंगात ताप भरला. उठायला गेले तर तोल सावरता येईना. पाण्याची वेळ झाली. देविकाला त्या दिवशी ऑफिसला लवकर जायचं होतं. तिने मोटर लावली असती तरी त्यांना बोलायला तोंड नव्हतं, पाणी भरायचा शब्द त्यांचा होता. ते डोळे मिटून ती घूं घूं ऐकायची वाट पाहत राहिले.

पिंपात तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग देविकाचा आवाज, थोडा बेसूर, गीताची पहिली ओळ चाचपडत धरणारा. ते रजई बाजूला सारू लागले, तेवढ्यात ती ओल्या हातांनी दारात आली.

"पडून राहा, पप्पा," ती म्हणाली. "आजचं मी बघते. दुसरं कडवं कसं सुरू होतं, तेवढं सांगा."