फावडेमामांची यात्रा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आमच्या चर्चच्या कबरस्तानात अडतीस वर्षं कबरी खणत होते. त्यांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असेल, पण अख्खी पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चखालची सगळी वस्ती, त्यांना फावडेमामा म्हणायची. ते निवृत्त झाले त्या रविवारी फादरनी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर वेदीपुढूनच जाहीर केलं की पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या स्थळांना बारा दिवसांची जहाजयात्रा ठरली आहे, आणि त्यातली दोन तिकिटं पॅरिशतर्फे मामा-मामींना.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी मागच्या बाकावरून उठले, टोपी हातात चुरगळत म्हणाले, "फादर, मी तिथं जाऊन काय करू? तिथल्या सगळ्यांना कधीच पुरून झालंय."

चर्चमध्ये एवढं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. ताई मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "जायचंय की नाही?"

"तुला जायचंय?"

"मला जायचंय."

"मग झालं तर."

मी नर्स होते, तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली. एकतीस म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा तांडा, म्हणून फादरनी मलाही सोबत घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे.

ताई-भाऊजींचा संसार बाहेरून बघाल तर नीटनेटका होता. भांडणतंटा नाही, आदळआपट नाही. पण त्या घरात एक विषय कायमचा बंद होता. त्यांना एकच मुलगी होती. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, पाच दिवसांत. तिची कबर भाऊजींनी स्वतः खणली. भाऊ, शेजारी, पलीकडच्या पॅरिशचा कबरी खणणारा माणूस, सगळे फावडं घ्यायला पुढे आले होते, त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आणि चौथ्या दिवशी शाळेचे जुने हेडमास्तर वारले तर त्यांचीही खणायला गेले.

ताईला ते सहन झालं नाही. "बापाचे हात कसे वळले गं?" हे तिने मला तेव्हा विचारलं होतं. त्यांना कधीच विचारलं नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं तिने नवऱ्यासमोर मुलीचं नाव घेतलं नाही. रविवारी दुपारी ती एकटी कबरीवर जायची. त्या वेळी भाऊजी मुद्दाम दुसऱ्या टोकाला, कुंपणाकडचा पाला झाडत राहायचे. सगळ्या पॅरिशला हे माहीत होतं. त्यावर बोलत कोणीच नसे.

जहाजावरचे पहिले तीन दिवस भाऊजींनी सगळ्यांची करमणूक केली. केबिनच्या पलंगावर झोपून बघितलं आणि म्हणाले, "रुंदी बरोबर आहे, खोली कमी पडते." एका बंदरावर आम्हाला फार जुन्या प्रार्थनाघराचे अवशेष दाखवले. पहिले ख्रिस्ती लोक तिथं लपूनछपून जमायचे म्हणे. गाईडबाई बाप्तिस्म्याच्या हौदाबद्दल सांगत होत्या, फादर डोळे मिटून उभे होते, आणि भाऊजी गुडघ्यावर बसून हौदाची मोरी बघत होते. "उतार चांगला काढलाय," एवढं म्हणून ते उठले.

उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मी ते पाहिलं. वय झालं, असं मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी भुयारी कबरी बघायच्या होत्या. अरुंद जिना, खाली गारवा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक कोनाडे खोदलेले. एकेका कोनाड्यात एकेक माणूस ठेवायचे आणि तोंड दगडाने बंद करायचे. आता सगळे उघडे, रिकामे होते. आमच्यातल्या दोघी तर अर्ध्यातूनच वर गेल्या. भाऊजी मात्र स्वतःच्या घरात आल्यासारखे चालत होते. भिंतीवर हात फिरवत, कडा बघत. मग त्यांनी फादरना सांगून गाईडबाईंना विचारलं, "हे खणलं कोणी?"

बाईंना प्रश्न आवडला असावा. त्या म्हणाल्या, त्या काळी कबरी खणणाऱ्यांना चर्चचे सेवक मानायचे, पाळक-पुरोहितांच्या सोबतीने त्यांची गणती व्हायची. पुढच्या वळणावर त्यांनी बॅटरीचा झोत भिंतीवर टाकला. पुसट रंगातलं चित्र होतं. आखूड अंगरखा घातलेला एक माणूस, खांद्यावर कुदळ.

भाऊजी त्या चित्रापुढून हलेनात. सगळे पुढे गेले. मी, ताई आणि ते, तिघंच मागे राहिलो. चित्राच्या शेजारी खाली एक लहान कोनाडा होता. मुलाचा असणार. भाऊजी वाकले आणि त्यांनी तो वितीने मोजला.

"साडेचार विती," ते म्हणाले. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "आपलीला मी आठ विती खणली होती. सात पुरल्या असत्या. पण झोपेत पाय लांब करायची ना ती."

ताई तिथून चालू पडली. मागे वळून न बघता, एवढा अंधारा जिना ती एका दमात चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज समुद्रात होतं. नाश्ता झाल्यावर मी डेकवर आले तर दोघं कठड्यापाशी खुर्च्या लावून बसलेले. मी मागे फिरणार तेवढ्यात ताईने हाक मारली, "बस इथं. तूही ऐक."

मी बसले. ताईचे डोळे सुजले होते. ती त्यांना म्हणाली, "आता सांगा. दुसऱ्याला का नाही खणू दिली?"

भाऊजी समुद्राकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याने उरकली असती गं. उन्हाळा होता, माती दगडासारखी झालेली. पलीकडच्या पॅरिशचा तो माणूस, त्याच्या कडा कधीच सरळ नसतात. तळाला खडे तसेच सोडतो. मी एकेक खडा हाताने वेचला. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं."

"आणि रडला नाहीत ते?"

"खाली रडलो. छातीएवढी खोल गेल्यावर वरून तोंड दिसत नाही."

ताईने पदर तोंडाला लावला. "मला एकदा सांगायचं तरी."

"मी असेन त्या बाजूला तू फिरकत नव्हतीस. मला वाटलं, तुला माझे हातच नको झालेत."

"झालेच होते," ताई म्हणाली. आणि त्यांचा हात तिने स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. सव्वीस वर्षांनी तिने मुलीचं नाव घेतलं, मग पुन्हा घेतलं, आणि मग दोघं तिच्या एकेक गोष्टी काढत बसले. शाळेत पाटी फोडून आली होती ते, देवदूत व्हायचं म्हणून चादर कापली होती ते. मी उठले कधी ते त्यांना कळलंही नाही.

पुढचे दोन दिवस ताई बदलूनच गेली. जेवणाच्या टेबलावर भाऊजींच्या ताटात वाढायची, त्यांच्या विनोदांना हसायची, अगदी जुन्यापुराण्यांनासुद्धा. फादर मला हळूच म्हणाले, "यात्रा घडली म्हणायची ती अशी."

आठव्या दिवशी एका टेकडीवरच्या चर्चला जायचं होतं. प्रेषितांपैकी एकाने तिथं उपदेश केला असं मानतात. वर जायला दोनशेदहा पायऱ्या. सकाळी नाश्त्याला मी भाऊजींच्या शेजारी बसले होते, ताई अजून केबिनमध्ये तयार होत होती. त्यांनी बूट सैल करायला पाय बाहेर काढला आणि मला त्यांचा घोटा दिसला. टम्म सुजलेला. मी बोटाने दाबून बघितलं तर खळगा पडला तो भरेना.

"भाऊजी, हे कधीपासून?"

"आहे महिनाभर."

"धाप लागते?"

"कबरी खणणाऱ्याला धाप लागायचीच."

"चेष्टा नको. आज तुम्ही जहाजावर थांबा. इथल्या डॉक्टरांना दाखवू. मी ताईला सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, ऐक. आज ती माझा हात धरून चढणार आहे. काल स्वतः म्हणाली. एक दिवस राहू दे. तुझं नर्सपण उद्या कर. उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

तीस वर्षं मी रोग्यांच्या अशा आर्जवांना भीक घातली नव्हती. त्या दिवशी घातली. म्हटलं, सावकाश चढा, मध्येमध्ये बसा. आणि ताई आली तेव्हा मी गप्प राहिले.

दोघं सगळ्यांच्या मागून चढत होते. ताईने त्यांचा दंड धरला होता. मी दहा पायऱ्या खाली, डोळ्यांत तेल घालून. अर्धा जिना झाल्यावर ते एका कट्ट्यावर टेकले. ताईला काहीतरी म्हणाले, ती हसली, आणि पाण्याची बाटली उघडायला तिने मान खाली घातली. तेवढ्यात ते तिच्या खांद्यावर कलले. मी धावले. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, फादरना ओरडून हाक मारली. रुग्णवाहिका खालच्या रस्त्याला यायला वीस मिनिटं लागली. त्याआधीच सगळं संपलं होतं हे मला माहीत होतं, तरी मी हात थांबवले नाहीत. शेवटी ताईनेच माझे हात बाजूला केले.

दुपारी जहाजावरचा अधिकारी भेटला. माणूस सभ्य होता. पार्थिव विमानाने घरी न्यायचं तर कागदपत्रांना बारा दिवस लागतील, तोवर शीतगृहात ठेवावं लागेल. नाहीतर इथल्याच गावच्या कबरस्तानात उद्या सकाळी जागा मिळेल. फादर म्हणाले, "मामी, घाई नाही. घरी मुलीशेजारची जागा मामांनी स्वतःसाठी राखून ठेवली आहे, हे मला माहीत आहे."

ताईने अधिकाऱ्याचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "बारा दिवस बर्फात? त्यांनी कोणाला तीन दिवसांच्या वर थांबवलं नाही. इथंच करा."

संध्याकाळी जहाज सुटलं. आमचे लोक कठड्याला उभे राहून हात हलवत होते, कोणी रडत होतं. धक्क्यावर मी, ताई आणि फादर, आम्ही तिघंच उरलो.

सकाळी कबरस्तानात दोन खणणारे होते, एक म्हातारा आणि एक मधल्या वयाचा. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती. शेवटचं बघायला पेटी उघडली तेव्हा तो म्हातारा जवळ आला. भाऊजींचे हात छातीवर जुळवलेले होते. त्याची नजर बोटांच्या मुळाशी पडलेल्या घट्ट्यांवर गेली. त्याने फादरकडे बघितलं, हाताने फावडं मारल्याची खूण केली. फादरनी मान डोलावली. तसा त्याने स्वतःचा तळवा उघडून ताईपुढे धरला. तसेच घट्टे, त्याच जागी. ताईने तो परक्या माणसाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तेव्हा ती पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

म्हाताऱ्याने पेटी उतरवायला जोडीदाराशिवाय दुसऱ्या कोणाला येऊ दिलं नाही. माती त्याने फावड्याने ढकलली नाही, हलक्या हाताने सोडली.

परतीच्या विमानात मी ताईला घोट्याचं सांगितलं. न सांगता राहता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. पण सव्वीस वर्षांच्या मौनाने काय होतं ते मी नुकतंच बघितलं होतं. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी त्यांना चढू दिलं नसतं." एवढंच. खिडकीकडे तोंड केलं ते उतरेपर्यंत.

त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्ये दिसायची, माझ्या बाकापासून लांब बसायची. मी दोनदा तिच्या दाराशी गेले, तिने दार उघडलं नाही. तिची चूक म्हणवत नाही मला. फादर म्हणायचे, एकच का होईना, तुझ्यामुळे त्यांना मिळालेला तो शेवटचा दिवस बघ. मला ते बघता येत नाही. मला फक्त न भरलेला खळगा दिसतो.

गेल्या मंगळवारी सकाळी ती आली. हडकली होती. मी चहा टाकला, तिने घेतला नाही. टेबलापाशी बसून म्हणाली, "त्या दिवशी नाश्त्याला मी नव्हते. तू होतीस. काय बोलले ते सगळं सांग. शब्द गाळू नकोस."

मी सांगायला सुरुवात केली. महिनाभराची सूज, धाप लागल्यावरचा विनोद. "आज ती माझा हात धरून चढणार आहे" इथं आल्यावर ताईने मला थांबवलं.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. ती ऐकत बसली, आणि चहा तसाच निवत राहिला.